गळ्यातला नेकबँड : एका पट्टीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव पुण्याच्या पश्चिमेस, चांदणी चौकापलीकडच्या डोंगरांत वसले आहे. सिंबायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांचे परिसर येथे आल्यापासून या टेकड्यांवर देशभरातील तरुणांचा वावर असतो, आणि त्यांच्या गळ्यात एक वस्तू वारंवार दिसते : वायरलेस नेकबँड. आजचा धागा या साध्या वस्तूविषयी आहे. तिची घडण कोठून आली, ती कशामुळे टिकते आणि कोठे मोडते, याचा हा इतिहास.

२/
प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण असा विचार करून पाहा. १९२७ साली मुंबईत ज्या हेडफोनवर लोकांनी रेडिओ ऐकला, तशा घडणीचा हेडफोन नीट जपला असेल तर आजही वाजू शकतो. आपण गेल्या वर्षी घेतलेला नेकबँड शंभर वर्षांनी वाजेल का? वाजणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग शंभर वर्षांत आपण नेमके काय मिळवले आणि त्याच्या बदल्यात काय दिले?

३/
सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. भारतात १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी एक्स्चेंजमध्ये प्रत्येक जोडणी माणसाच्या हाताने होत असे. ऑपरेटरला एकाच वेळी ऐकायचे, बोलायचे आणि दोन्ही हातांनी तारा जोडायच्या असत. म्हणजेच हात मोकळे ठेवून ऐकण्याची पहिली निकड संगीतप्रेमींना नव्हे, तर कामगारांना जाणवली.

४/
या निकडीतून अमेरिकेत एझ्रा गिलिलँड याने १८८०च्या दशकात एक सांगाडा तयार केला. त्यात कानाशी एक श्रवणयंत्र, तोंडासमोर एक बोलण्याचे यंत्र, आणि या साऱ्याचा भार ऑपरेटरच्या खांद्यावर. वजन कित्येक पौंड. आजच्या नेकबँडचा पूर्वज शोधायचा तर तो डोक्यावरच्या पट्टीत नाही. तो या खांद्यावरच्या जोखडात आहे. ‘जड भाग कानावर नको, तो मान आणि खांद्यांनी पेलावा’ हा विचार तेव्हापासूनचा आहे.

५/
त्याच एक्स्चेंजच्या फळीने आपल्याला आणखी एक वस्तू दिली : हेडफोनची पिन. १८७०च्या दशकाच्या अखेरीस स्विचबोर्डसाठी जन्मलेला पाव इंची प्लग आजही गिटार आणि स्टुडिओतील यंत्रांना जोडला जातो. मोबाइलला असणारे ३.५ मिलिमीटरचे छिद्र हे त्याचेच धाकटे भावंड. दिवसभरात शेकडो वेळा काढता-घालता यावी म्हणून घडवलेली ही जोडणी विद्युत-इतिहासातील अत्यंत दीर्घायुषी घडणींपैकी एक आहे. हे लक्षात ठेवा. पुढे तिचा संदर्भ येईल.

६/
कानांनी कलेचा आस्वाद घेण्याची सोय लंडनमध्ये १८९५ साली ‘इलेक्ट्रोफोन’ सेवेने केली. नाटकगृहातील प्रयोग टेलिफोनच्या तारेवरून घरी ऐकता येत. त्यासाठीचे श्रवणयंत्र डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखे होते : दोन दांड्या हनुवटीखाली एकत्र येत आणि खाली मूठ असे. म्हणजे वजन पेलण्याचे तीन मार्ग आरंभीच आजमावले गेले होते : डोक्यावरून, हनुवटीखालून आणि खांद्यावरून. पुढचा सारा इतिहास या तीन पर्यायांतील स्पर्धेचा आहे.

७/
डोक्यावरच्या पट्टीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती नॅथनिएल बाल्डविन याने. अमेरिकेतील यूटा राज्यात राहणाऱ्या या गृहस्थाने १९१०च्या सुमारास अतिसंवेदनशील श्रवणयंत्रे तयार केली आणि अमेरिकी नौदलाकडे पाठवली. नौदलाला ती पसंत पडली. मागणी आली तेव्हा लक्षात आले की हा माणूस आपल्या घरच्या स्वयंपाकघरात काम करतो आणि एका वेळी जेमतेम दहा नग पुरवू शकतो.

८/
बाल्डविनच्या घडणीत दोन गोष्टी मोलाच्या होत्या. एक, दोन्ही कानांची यंत्रे दांड्यांवर वर-खाली सरकत, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्याला ती बसत. दोन, त्यांना स्वतःची वीज लागत नव्हती. येणाऱ्या क्षीण विद्युतसंदेशातच पडदा हलवण्याइतकी शक्ती असे. बॅटरी नाही, म्हणून बॅटरी संपणेही नाही. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा मुद्दा मध्यवर्ती आहे.

९/
आता भारताकडे येऊ. बिनतारी लहरी ओळखण्यासाठी गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा उपयोग करणारा शोधक जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विकसित केला. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. अशाच स्फटिकांच्या गुणधर्मावर पुढे घराघरांतले ‘क्रिस्टल सेट’ उभे राहिले. एक स्फटिक, त्याला टेकणारी बारीक तार, वेटोळे, एरियल आणि हेडफोन. एवढ्या सामग्रीवर, विजेशिवाय, रेडिओ ऐकता येई.

१०/
जून १९२३मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने भारतातील पहिले प्रसारण केले. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट. जवळच्या श्रोत्याला क्रिस्टल सेट पुरे. लांबच्याला व्हॉल्व्हचा महागडा संच हवा. त्यामुळे अनेकांचा रेडिओशी पहिला परिचय कानाला लावलेल्या हेडफोनमधूनच झाला. ध्वनिक्षेपकाभोवती बसलेले कुटुंब हे चित्र नंतरचे.

११/
१९२७ या सालाचा मुळशीशीही संबंध आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात टाटांनी बांधलेल्या धरणाविरुद्ध १९२१पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच. त्या पाण्यावर कोकणात भिरा येथे उभारलेले वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले आणि मुळशीची वीज मुंबईला पोहोचली. ज्या वर्षी मुंबईकर विजेविना हेडफोनवर गाणे ऐकू लागला, त्याच वर्षी मुळशीच्या बुडालेल्या शेतांवरून त्याच्या शहराला वीज जाऊ लागली. उपकरणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या तालुक्याला नवा नाही.

१२/
त्या हेडफोनच्या पोटात काय असे? नालाच्या आकाराचा कायमचुंबक, त्याच्या टोकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी आणि समोर लोखंडाची पातळ चकती. गुंडाळीतून संदेश गेला की चकती थरथरे आणि आवाज उमटे. डबी बॅकेलाइटची किंवा धातूची, झाकण फिरकीचे. झाकण हाताने उघडता येई. आत गंज धरला, तर चकती पुसून परत बसवता येई.

१३/
सर्वांत नाजूक भाग होता दोर. सतत वाकणारी साधी तांब्याची तार लवकर तुटते, म्हणून टेलिफोनच्या दोरांत वेगळी युक्ती वापरली गेली : सुती धाग्याभोवती तांब्याची चपटी, अतिपातळ पट्टी गुंडाळायची. ताण धागा घेतो, वीज पट्टी नेते. ही रचना मराठी माणसाला परकी वाटू नये. पैठणीच्या पदराची जर अशीच बनते : रेशमी धाग्याभोवती चपटा केलेला धातूचा तार. त्यालाच आपण कलाबतू म्हणतो. आजच्याही अनेक इअरफोनच्या दोरांत याच तत्त्वाची तार असते.

१४/
तेव्हाचे हेडफोन अमर नव्हते. चुंबक क्षीण होत, बारीक गुंडाळी तुटे, दमट हवेत चकती गंजे, कान दुखत. पण त्यांचे बहुतेक दोष ‘सुटे’ होते. दोर स्क्रूने बांधलेला असे, तो बदलता येई. चकती बदलता येई. एका भागाच्या मरणाने सारी वस्तू मरत नसे. टिकाऊपणाची एक व्याख्या येथून घ्यावी : टिकाऊ वस्तू म्हणजे केवळ न मोडणारी नव्हे, तर मोडल्यावर पुन्हा उभी राहणारी.

१५/
पुढे ध्वनिक्षेपक स्वस्त झाला आणि हेडफोन मागे पडला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले, तोवर रेडिओ ही घराची सामूहिक वस्तू झाली होती. १९५४नंतर जगभर आणि पुढे आपल्याकडेही ट्रान्झिस्टर आला. त्याच्या जोडीला एका कानाचा छोटा इअरफोन मिळे. कार्यालयात क्रिकेटचे समालोचन चोरून ऐकण्याची कला त्याने शिकवली. ऐकणे पुन्हा खासगी झाले. मात्र एकाच कानापुरते.

१६/
दुसरा कान मोकळा झाला १ जुलै १९७९ रोजी. त्या दिवशी जपानमध्ये सोनीचा ‘वॉकमन’ विक्रीस आला. कौतुक कॅसेट-यंत्राचे झाले, पण खरी क्रांती त्याच्यासोबतच्या हेडफोनची होती. तोवरचे चांगले हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत; हा ५० ग्रॅमच्या आसपास होता. पातळ पोलादी पट्टी आणि स्पंजाच्या दोन चकत्या. माणूस प्रथमच चालता-चालता स्वतःचे संगीत घेऊन निघाला.

१७/
हलकेपणाची किंमत मात्र होती. दोर आता कायमचा चिकटवलेला आला, झाकण फिरकीचे राहिले नाही, स्पंज दोन-तीन वर्षांत चुरा होऊ लागला. वापरणारा चालत असल्यामुळे दोर प्रत्येक पावलागणिक हलू लागला आणि पिनेजवळ तुटू लागला. ‘एका कानात ऐकू येत नाही’ ही तक्रार वॉकमनच्या पिढीपासून घरोघर पोहोचली. पिन टिकाऊच होती. पिनेपाशी येणारी तार टिकत नव्हती. दोष नेहमी सांध्याशी असतो.

१८/
तार हटवण्याचा मार्ग स्वीडनमधून आला. १९९४च्या सुमारास लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन व सहकाऱ्यांनी कमी अंतराच्या रेडिओ-दुव्यावर काम सुरू केले. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या. नाव सुचवले इंटेलच्या जिम कार्डाक याने : दहाव्या शतकातील डॅनिश राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे. त्याने डेन्मार्क एकत्र आणले. हे तंत्र उपकरणांना एकत्र आणणार होते. आपल्या मोबाइलवरची ती निळी खूण म्हणजे प्राचीन रून लिपीतील त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे एकत्र गुंफलेली आहेत.

१९/
ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात चालते, आणि तेथे वाय-फायपासून मायक्रोवेव्ह शेगडीपर्यंत सर्वांची गर्दी असते. म्हणून मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते. लहरींच्या अशा उड्यांची कल्पना जुनी आहे. १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी पाणतीरांच्या नियंत्रणासाठी अशाच उड्यांचे पेटंट घेतले होते; त्यात पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ लहरी होत्या.

२०/
पहिले ब्लूटूथ हेडसेट एका कानाचे आणि फक्त बोलण्याचे होते. दोन्ही कानांत चांगले संगीत पाठवण्याचे प्रमाण २००३ साली ठरले. २००७ साली मोटोरोलाने एस-९ हा मानेमागून जाणाऱ्या ताठ पट्टीचा संच आणला. पण आज आपण ज्याला नेकबँड म्हणतो, म्हणजे गळ्याभोवती विसावणारा आणि छोट्या तारांनी कानापर्यंत जाणारा, त्या प्रकाराला लोकमान्यता दिली ती एलजीच्या ‘टोन’ मालिकेने, २०१०पासून. गिलिलँडचे जोखड परत आले होते. पण पौंडांऐवजी ग्रॅममध्ये.

२१/
मानच का निवडली? कारणे तीन. बॅटरीला जागा हवी, आणि कानात ती नाही. रेडिओ-यंत्र एकच पुरते, कारण दोन्ही कान तारेने त्याच्याशी जोडलेले असतात. मानवी शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषते, तेव्हा एका कानाकडून दुसऱ्याकडे रेडिओने संदेश नेणे सोपे नव्हते. आणि तिसरे कारण घरगुती : कानातून काढलेला इअरफोन ठेवायचा कुठे? नेकबँडमध्ये तो गळ्यातच लोंबतो, हरवत नाही.

२२/
२०१६ साली ॲपलने आयफोनमधून ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढले आणि इतर कंपन्या त्या वाटेने गेल्या. एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलेली जोडणी अशी एकाएकी बाजूला झाली. भारतात त्याच सुमारास डेटा स्वस्त झाला आणि तरुण वर्ग मोबाइलवर गाणी, व्याख्याने, मालिका ऐकू लागला. बोट, वनप्लस, रिअलमी आदी कंपन्यांनी स्वस्त नेकबँड बाजारात आणले. वनप्लसचा ‘बुलेट्स वायरलेस’ २०१८चा, त्याचा स्वस्त ‘झेड’ २०२०चा. नेकबँड ही येथील विद्यार्थ्यांची वस्तू झाली ती या काळात.

२३/
आता तुलना. पहिली घडण ‘ताठ नाल’ : घोड्याच्या नालासारखी कडक पट्टी, बॅटरी व बटणे टोकांकडे. ती गळ्यावर सरकत नाही, आतल्या तारा वाकत नाहीत. पण बॅगेत दाबली तर तडकते. दुसरी ‘मऊ पट्टी’ : सिलिकॉनचा लवचीक पट्टा, टोकांना दोन छोट्या डब्या. खिशात गुंडाळून जाते; पण वाकण्याचा सारा ताण पट्टा आणि डबी यांच्या सांध्यावर पडतो, आणि वर्षानुवर्षे वाकून आतल्या तारा तेथे तुटतात. पहिली आघाताने मरते, दुसरी थकव्याने.

२४/
तिसरा मार्ग धातुशास्त्राने दिला. निकेल आणि टायटॅनियमचा ‘निटिनॉल’ हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५९च्या सुमारास विल्यम ब्यूलर याने विकसित केला. नावातली ‘नॉल’ ही अक्षरे त्या प्रयोगशाळेचीच. हा धातू बराच वाकवला तरी मूळ आकारात परततो. चष्म्याच्या काड्या, हृदयातील स्टेंट आणि बीट्स फ्लेक्स (२०२०) यांसारखे नेकबँड यांत तो आहे. पट्ट्याच्या आत अशी तार असेल, तर पट्टा वाकतो पण मोडत नाही.

२५/
मात्र पट्टा सुधारला की कमजोरी पुढच्या सांध्याकडे सरकते. तो सांधा म्हणजे डबीतून कानाकडे निघणाऱ्या छोट्या तारेचे मूळ. तेथे रबराची निमुळती, खाचांची बाही आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे. ती बाही वाकण्याचा कोन पसरवते. तार एकाच बिंदूत दुमडत नाही. कानातून काढताना तारेला धरून ओढणे ही वस्तूची सर्वांत मोठी हानी. तार ओढू नये. बोंड धरून काढावे. चुंबकी टोकांना लोखंडाचा बारीक कीस चिकटून जाळी बुजते, तीही अधूनमधून पुसावी.

२६/
दुसरा शत्रू पाणी. आणि मुळशीच्या पावसाविषयी येथे वेगळे सांगायला नको. खोक्यावरचा ‘आयपीएक्स-४’ सर्व दिशांचे शिंतोडे सोसतो, ‘आयपीएक्स-५’ पाण्याची धार सोसतो, ‘आयपीएक्स-७’ एक मीटर पाण्यात तीस मिनिटे तग धरतो. यातील ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. आणि या चाचण्या नव्या वस्तूवर, साध्या पाण्याने होतात. घामात मीठ असते. ते चार्जिंगच्या खोबणीतील धातू खाते. ओली खोबण चार्जिंगला लावणे हा नेकबँडच्या अकाली मरणाचा राजमार्ग आहे.

२७/
तिसरा शत्रू आतला : बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. साधारणतः ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर तिची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. शिवाय न वापरताही, केवळ काळ आणि उष्णता यांमुळे ती म्हातारी होते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत नेकबँड विसरणे म्हणजे तिचे आयुष्य झपाट्याने खर्च करणे.

२८/
येथे नेकबँड आणि कानातले सुटे ‘बड्स’ यांचा हिशेब मांडून पाहू. रोज चार तास ऐकणे धरा. नेकबँड एका चार्जमध्ये २० तास चालत असेल, तर पाच दिवसांत एक पूर्ण चक्र; ५०० चक्रांना २,५०० दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षे. सुटा बड पाच तास चालत असेल, तर रोज जवळपास एक चक्र. ५०० चक्रे ६२५ दिवसांत, दोन वर्षांच्या आतच, संपतात. बॅटरी मोठी, म्हणून आयुष्य मोठे. नेकबँड फॅशनमध्ये मागे पडला असेल, गणितात नाही.

२९/
तरीही प्रत्यक्षात नेकबँड सात वर्षे क्वचितच चालतो. का? कारण त्याआधी तार तुटते किंवा खोबण गंजते, आणि डबी चिकटवलेली असल्याने ती उघडणे कठीण. १९२७च्या हेडफोनला फिरकीचे झाकण होते. याला गोंद आहे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तार आणि डाग देण्याची सामग्री आजही मिळते. अडते ते डबी न मोडता उघडण्यापाशी. आणि दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या किमतीजवळ गेली की हिशेब तिथेच मिटतो.

३०/
कायदा येथे सावकाश पोहोचतो आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. त्यांत पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. युरोपीय संघाने तर १८ फेब्रुवारी २०२७पासून लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला काढता व बदलता यावी, असा दंडक घातला आहे. फिरकीचे झाकण कदाचित परत येईल. १९२७च्या त्या प्रसारणानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

३१/
तोवर निवड करताना इतिहासाने शिकवलेली चार सूत्रे पुरेशी आहेत. सांधा पाहा, रंग नव्हे. पट्ट्यात स्मृतिधातू आहे का विचारा. चार्जिंगची खोबण टाइप-सी आणि झाकणयुक्त असावी, म्हणजे केबल गेली तरी दुसरी मिळेल. आणि बॅटरीचे तास जितके अधिक, तितकी चक्रे कमी. वस्तू फार दिवस पडून राहणार असेल, तर ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता मधल्या पातळीवर ठेवावी. एवढे पाळले, तर नेकबँडची दोन वर्षे चार होऊ शकतात.

३२/
पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातील वस्तूंचे भांडार आहे : दिवे, अडकित्ते, दौती. कवी अज्ञातवासी म्हणजेच दिनकर केळकर यांनी जन्मभर जमवलेला हा ठेवा १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. त्यातील अडकित्ता पाहा. दोन पाती, एक खीळ. खीळ झिजली की लोहार नवी ठोकून देई. म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला, आणि त्याच्याबरोबर त्या काळचे सौंदर्य, सवयी आणि कारागीरही पोहोचले.

३३/
सामान्य माणसाचा इतिहास बखरींत फारसा नसतो. तो त्याच्या वस्तूंत असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीचा श्रोता कसा ऐकत होता, हे आपण सांगू शकतो, कारण त्याचा हेडफोन उरला आहे. आपल्या पिढीने कसे ऐकले, हे पुढचा अभ्यासक कशावरून सांगणार? गोंदाने बंद केलेली, फुगलेल्या बॅटरीची, कचऱ्यात फुटलेली डबी त्याला फार थोडे सांगेल. ज्या वस्तू दुरुस्त होत नाहीत, त्या साक्षही देत नाहीत.

३४/
धागा येथे संपतो. आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातला हेडफोन, क्रिस्टल सेट, ट्रान्झिस्टरचा एका कानाचा इअरफोन किंवा वॉकमन असेल, तर त्याचे छायाचित्र, घेतल्याचे साल आणि घडलेली एखादी दुरुस्ती यांची नोंद खाली अवश्य लिहा. आणि बंद पडलेला नेकबँड साध्या कचऱ्यात टाकू नका; ई-कचरा संकलनात द्या. पुढचा धागा : स्विचबोर्डवरच्या ऑपरेटर, आणि त्यांची जागा घेणारे स्वयंचलित एक्स्चेंज.